कुणाच्या अध्यात ना मध्यात

आपल्याकडे मुलांचे कौतुक करण्याचे काही ठरीव शब्द आहेत. "आमचा मुलगा भारी शांत हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेतून आला की आपली खोली बरी नि आपले पुस्तक बरे." हे बोल मी पालकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांची मोजदाद करणे कठीण. सांगणाऱ्या आईच्या मुद्रेवर समाधान असते, ऐकणाऱ्या शेजारणी माना डोलावतात आणि वर्गशिक्षकही प्रगतिपुस्तकात 'वर्तणूक उत्तम' असा शेरा मारून मोकळे होतात. पुष्कळदा हे समाधान रास्तच असते. काही माणसे स्वभावतःच मितभाषी असतात आणि त्यांचे कुठेही अडत नाही. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या मुलाच्या बाबतीत या स्तुतीच्या आड निराळीच अवस्था दडलेली असते आणि ती कोणाच्याही ध्यानात येत नाही. कारण उघड आहे. खिडकीची काच फोडणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत आणले जाते. तोंड न उघडणाऱ्या मुलाला आणण्याचे कुणालाच कारण पडत नाही.

शाळेच्या नोकरीत आयुष्याची बरीच वर्षे गेल्यावर, या दुसऱ्या प्रकारच्या मुलांविषयी घरोघरच्या मंडळींशी चार शब्द बोलावेत असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

लाज आणि भीती

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लाजाळू मूल पाहुणे आले की आईच्या पदराआड लपते, थोड्या वेळाने हळूच डोकावते आणि अर्ध्या तासात पाहुण्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याशी खेळू लागते. लाज अशी ओसरते. भीतीचे तसे नाही. 'मी बोललो तर सारे हसतील, माझा आवाज कापेल, माझे हात थरथरताना दिसतील' हा विचार ज्याच्या मनात घर करून बसतो, त्याला ओळखीच्या माणसांतही स्वस्थता लाभत नाही. मानसशास्त्रात या अवस्थेला सामाजिक भय किंवा सामाजिक चिंता असे म्हणतात. ती सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकली आणि तिच्यापायी शिक्षण, मैत्री व रोजचे व्यवहार अडू लागले, म्हणजे 'त्याचा स्वभावच तसा' असे म्हणून चालत नाही. बहुधा ती सुरू होते नेमकी तेराव्या वर्षाच्या आगेमागे. शरीर बदलत असते, आवाज फुटत असतो आणि जगातील प्रत्येक डोळा आपल्यावरच रोखलेला आहे असे वाटू लागते, त्या वयात.

तिच्या खुणा लहानसहान असतात. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी असते त्या दिवशी सकाळी पोट दुखते आणि दहाच्या सुमारास, शाळा चुकली की आपोआप थांबते. उत्तर येत असूनही हात वर होत नाही. मधल्या सुट्टीत डबा कोपऱ्यात पाठ फिरवून खाल्ला जातो. दुकानात जाऊन अर्धा किलो साखर मागण्याचे काम धाकट्या बहिणीवर ढकलले जाते. लग्नकार्याला निघायचे म्हटले की एकाएकी अभ्यास आठवतो. रात्री अंथरुणावर मात्र दिवसभरात आपण काय बोललो, त्यावर कोण हसले, याची उजळणी झोप लागेपर्यंत चालू राहते.

या भीतीची खरी मेख अशी की, प्रसंग टाळला की तत्काळ सुटका वाटते. आज वाचनाचा तास चुकवला, जीव भांड्यात पडला. त्या सुटकेची गोडी लागते आणि पुढच्या वेळी भीती दुणावून येते, कारण वाचूनही काही आभाळ कोसळत नाही हे अनुभवण्याची संधीच मनाला मिळालेली नसते. मग वाचनापाठोपाठ खेळ टळतो, खेळापाठोपाठ मित्र टळतात. मित्र दोनदा बोलवायला येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. अशा रीतीने वावरण्याचे वर्तुळ आक्रसत गेले म्हणजे त्यात आनंद उपजावा असे काही उरत नाही आणि खिन्नता येऊन बसते. भीती आधी आणि उदासीनता मागाहून, असा हा क्रम फार मुलांत दिसतो. मोबाइलमुळे तर आता खोलीबाहेर न पडताही दिवस काढता येतो, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येण्यास अधिकच विलंब लागतो.

हे क्वचित कुठे घडते असे कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले; म्हणजे साधारणपणे चौदा मुलांमागे एक. चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन बाके झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा १० ते १९ वर्षांच्या मुलांविषयीचा जगभराचा अंदाज तर सात मुलांमागे एक असा आहे.

दोन्हीकडे परका

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून या भीतीला आणखी एक निमित्त मिळते, ते भाषेचे. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळांतून मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत पाऊल टाकताच माध्यम इंग्रजी होते. आमच्या पेडणे तालुक्यातील मूल घरी इथली बोली बोलते, पुस्तकात मराठी वाचते आणि अकराव्या वर्षी एकाएकी इंग्रजीत उत्तरे देऊ लागते. चौथीपर्यंत खड्या आवाजात कविता म्हणणारा मुलगा पाचवीत मुका होतो आणि त्याची बुद्धी मंदावली अशी घरच्यांची समजूत होते. बुद्धी जागच्या जागी असते. एका चुकीच्या उच्चारावर वर्ग हसलेला असतो, एवढेच.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांना यात आपले घर दिसेल. शाळेत आपल्या मुलांच्या बोलण्यातील मराठी वळणाची थट्टा होते आणि मे महिन्यात पुण्याला मामाकडे गेले की मामेभावंडे त्यांच्या मराठीला हसतात. हसणाऱ्यांच्या मनात कपट नसते. ऐकणारा मात्र ठरवून टाकतो की, न बोललेले बरे. त्यात गणेशोत्सवाचा दिवस येतो. मंडळाच्या रंगमंचावर श्लोक म्हणण्यासाठी त्याला पुढे लोटले जाते, चार ओळींनंतर त्याला पुढचे आठवेनासे होते आणि खाली बसलेले काका मोठ्याने विचारतात, "बोल ना रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?" तो प्रश्न मुलाला पुढे कित्येक वर्षे ऐकू येत राहतो.

व्यासपीठावरचा गोमंतकीय

भर सभेत वाचा बसण्याची एक जुनी कथा गोव्यात सर्वश्रुत आहे. आमच्या कोरगावच्या दक्षिणेला शापोरा नदी आहे आणि तिच्या पलीकडे बार्देश तालुक्यात कोलवाळ हे गाव. जुझे कुश्तोदियो फारिया, ज्यांना जग आबे फारिया या नावाने ओळखते, त्यांचे वडील या कोलवाळचे. आबे फारियांचा जन्म १७५६ साली कांदोळी येथे झाला. पुढे आईवडील विभक्त झाले. आई मठात जोगीण झाली, वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि १७७१ साली, पंधरा वर्षांच्या या मुलाला बरोबर घेऊन ते लिस्बनला गेले. मोडलेले घर, परका देश, परकी भाषा. आजच्या कोणत्याही समुपदेशकाने चिंतेने नोंद करावी अशीच ही परिस्थिती होती.

रोममध्ये शिक्षण पुरे करून १७८० साली फारिया धर्मगुरू झाले. आख्यायिका अशी की, त्यानंतर पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा मान त्यांना मिळाला. समोर राणी आणि सारा दरबार पाहून ते व्यासपीठावर जागच्या जागी थिजले, तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि मुलाची वाचा मोकळी झाली.

श्रोत्यांना भाजीपाला समजावे, असा या कथेचा बोध पुष्कळ जण सांगतात. मला त्या भाजीचे महत्त्व फारसे वाटत नाही. श्रोत्यांना तुच्छ लेखून भीती जात असती, तर गर्विष्ठ माणसे कधी घाबरलीच नसती. मला महत्त्वाचे वाटते ते वडिलांचे वागणे. ते मुलाच्या जवळ होते. भर दरबारात परक्या भाषेत त्यांनी मुलाला दटावले नाही. घरच्या भाषेत, त्याला एकट्यालाच कळेल असे चार शब्द ते बोलले. आणि मुलाला खाली उतरवून त्यांनी स्वतः प्रवचन केले नाही. बोलायचे ते मुलगाच बोलला. जवळ असावे, हळू बोलावे आणि त्याचे काम त्यालाच करू द्यावे: भिणाऱ्या मुलाच्या आईबापांना सांगण्याजोगे याहून अधिक काही मला सापडलेले नाही.

पुढे हेच फारिया पॅरिसमध्ये संमोहनविद्येचे एक आद्य प्रवर्तक ठरले. निद्रेची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात नसून निद्रा घेणाऱ्याच्या मनातच असते, हा विचार त्यांनी १८१९ साली, आपल्या निधनाच्या वर्षी, ग्रंथरूपाने मांडला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून पणजीत, जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे. तेथून जाणाऱ्या पालकांनी आपल्या मुलाला ही गोष्ट अवश्य सांगावी.

एकेक पायरी

मग करावे काय? उपचारशास्त्र सांगते ते तत्त्व अगदी साधे आहे. ज्याची भीती वाटते ते एकदम अंगावर घेऊ नये आणि कायमचे टाळूही नये. त्याच्या लहान पायऱ्या पाडून एकेक चढावी. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हा प्रयोग प्रथम स्वतःवर केला. तरुणपणी त्यांना अपरिचित स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका उद्यानात, बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे असा त्यांनी नेम केला. १३० जणींच्या शेजारी ते जाऊन बसले. ३० जणी उठून गेल्या, उरलेल्या शंभरांशी ते बोलले. पुन्हा भेटण्याचे त्यांतील एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा नेम साफ फसला. परंतु कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी मारले नाही, आणि भीती मात्र ओसरली. याच एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांच्या परिचयाची केली.

आमच्या तालुक्यातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी होती. हजेरीच्या वेळीही तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोहोचत नसे. तिच्या वर्गशिक्षिकेने तिला कधी सर्वांसमोर उभे केले नाही. पहिला महिनाभर केवळ वह्या वाटण्याचे काम दिले. म्हणजे प्रत्येकाच्या बाकाशी जाणे आले, बोलणे नाही. नंतर एका मैत्रिणीबरोबर दोन ओळी एका सुरात वाचायच्या. मग जागेवर बसूनच एकटीने एक ओळ. घरी आजीने तिला संध्याकाळच्या भजनाला आपल्याबरोबर नेण्यास आरंभ केला. तिथे ती झांजा वाजवू लागली. वर्षाअखेर ती वक्ती झाली असे मी म्हणणार नाही. दुकानात जाऊन साखर मात्र मागू लागली, आणि दहावीच्या तोंडी परीक्षेत तिने उत्तरे दिली. तिच्यासाठी तो गड जिंकणेच होते.

भजनाचा उल्लेख मी मुद्दाम केला. समूहात गाताना सारे डोळे एकावर रोखलेले नसतात, चूक झाली तरी ती दहा आवाजांत मिसळून जाते, आणि तरीही आपण चारचौघांत असतो. आमच्याकडे चवथीच्या आरतीला घुमट वाजवणारा मुलगा एरवी कमालीचा बुजरा असू शकतो. दशावतारी खेळाच्या वेळी रंगमंचामागे मदत करणे, जत्रेतील नाटकाचा पडदा ओढणे, मंडळाच्या उत्सवात प्रसाद वाटणे, या सगळ्या पायऱ्याच आहेत. मुलाला ध्वनिक्षेपकासमोर लोटण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी त्याला या खालच्या पायऱ्यांवर रेंगाळू द्यावे.

उदासीनतेच्या बाबतीतही न्याय तोच. खिन्न मनुष्य म्हणतो, "बरे वाटले म्हणजे उठेन." अनुभव उलट आहे, आधी थोडे उठावे लागते, मग थोडे बरे वाटते. याचा पडताळा गोव्यातच पाहिलेला आहे. येथील 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ प्रौढ नैराश्यग्रस्तांवर एक अभ्यास केला. तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना पुन्हा लहानसहान कामांकडे, माणसांकडे आणि आवडींकडे वळवले. तीन महिन्यांनी त्यांतील सुमारे ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. हे रुग्ण प्रौढ होते हे खरे. परंतु सकाळी ठरल्या वेळी उठणे, परसातील झाडांना पाणी घालणे, एका मित्राबरोबर तळ्यापर्यंत चालत जाणे हा नेम किशोरांनाही हितावह आहे.

घरात बोलताना

काही वाक्ये घरातून हद्दपार व्हावीत. "तुझ्या वयाचे असताना आम्ही पाच मैल चालत जात होतो", "तुला कमी काय आहे?", "शेजारचा बघ कसा सभाधीट आहे!" यांतील एकाही वाक्याने आजवर कोणाचे मन उभारी धरलेले नाही. त्यापेक्षा संध्याकाळी भाजी निवडताना किंवा दुचाकीवरून जाताना, डोळ्याला डोळा न भिडवता, "अलीकडे तुला शाळेत जाणे जड जाते का रे?" असे विचारावे आणि गप्प राहावे. उत्तर त्या दिवशी येणार नाही, कदाचित चौथ्या दिवशी येईल. पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने आपण उत्तर देऊ नये, आणि "आमचा हा घुम्याच आहे" असेही म्हणू नये. मुलांना लावलेली नावे मुले खरी करून दाखवतात.

हा अंक घरातील एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या हाती पडला असेल, तर त्यांना दोन शब्द. बाळांनो, तुमच्या वर्गात तुमच्यासारखे आणखी दोघे-तिघे आहेत. तेही गप्प असल्यामुळे तुम्हाला ते दिसत नाहीत, इतकेच. लोक आपल्याकडे पाहतात असे आपल्याला वाटते तितके ते पाहत नसतात. बहुतेकांना स्वतःचीच काळजी पुरेशी असते. या आठवड्यात एकच पायरी ठरवा. बसच्या कंडक्टरला आपल्या तोंडाने थांब्याचे नाव सांगा. आवाज कापला तर कापू द्या. कापऱ्या आवाजात सांगितलेल्या थांब्यावरही बस थांबते.

केवळ जवळ बसणे अपुरे पडते तेव्हा

घरच्या मायेने सर्व काही साधते असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास किंवा चिडचिडे राहिले (या वयात उदासी पुष्कळदा चिडीचे रूप घेते), झोप व भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, शाळा सुटत चालली, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये. समुपदेशनाने पुष्कळ मुले सुधारतात. काहींना औषधांचीही गरज लागते आणि ती मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तणूक संस्था ही सरकारी संस्था आहे. ती १९८० साली स्थापन झाली. ज्या शाळेत समुपदेशक येतात, तेथे त्यांना भेटण्यात कमीपणा नाही.

मूल "मी नसलो तर बरे" अशा अर्थाचे काही बोलले किंवा लिहिलेले आढळले, तर ते नाटक समजू नये. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणी तरी विचारले या जाणिवेनेच ओझे हलके होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक भारतात कोठूनही, अहोरात्र आणि विनामूल्य लागतो. तेथे मराठीतही बोलता येते. मुले स्वतः १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही बोलू शकतात.

मुलीच्या बाबतीत "उद्या लग्न जमवताना हे निघाले तर?" या धास्तीने कित्येक घरांत उपचार टाळले जातात. या धास्तीचे वजन मी जाणतो; लहान गावात कोणाचे काय चालले आहे हे लपत नाही. परंतु डॉक्टरांकडे जाणे लपवता येईल, मुलीचे कोमेजणे किती दिवस लपवणार? तिचे दहावी-बारावीचे वर्ष परत येणार नाही. उपचारांनी ती उभी राहिली, तर लग्नाचा, नोकरीचा, साऱ्याच गोष्टींचा विचार तिला स्वतःच्या पायांवर करता येईल.

या महिन्यात पालकसभेला जाल, तेव्हा गुणपत्रिका पाहून झाल्यावर वर्गशिक्षकांना आणखी एक प्रश्न विचारा: "मधल्या सुट्टीत माझे मूल कोणाबरोबर डबा खाते?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांना ठाऊक नसेल, तर ते दुसऱ्या दिवशी पाहतील. तेवढ्यानेही पुष्कळ काम होईल.